साडूंचा हायड्रोजनचा पिंजरा

जी गोष्ट विचारली की सहज कळते ती कुणालाही विचारायची नाही, मुळापासून आपली आपण शोधून काढायची, असं व्रत घेतलेले गृहस्थ अख्ख्या पालघर जिल्ह्यात एकच आहेत, आणि ते नेमके माझे साडू आहेत. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. चिखल्याला एका चिकूच्या वाडीत भाड्याने राहतात आणि तलासरीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. शिकवतात तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याच तासांचा पगार, आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की तुम्ही कोण आणि आम्ही कोण. रोज सकाळी ते डहाणूच्या स्टँडवर येऊन तलासरीची एसटी पकडतात. पकडतात असं म्हणायचं, कारण पुष्कळदा ती सुटते. स्टँडवर चौकशीची खिडकी आहे, खिडकीत माणूस आहे, माणसाला तोंडही आहे. पण साडूंचं म्हणणं असं की खिडकीतला माणूससुद्धा कुणीतरी सांगितलेलंच सांगतो. एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. टपरीवर खाकी कपड्यातला एक ड्रायव्हर चहा पीत उभा होता. साडूंनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. ग्लास भरलेला आहे, चहा वाफाळतो आहे, मनुष्य फुंकर मारून पिणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा गाडी सुटायला अजून चांगला अवकाश आहे, असा निष्कर्ष काढून ते निवांत पेपर घ्यायला गेले. तेवढ्यात तलासरीची गाडी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. चहा पिणारा ड्रायव्हर जव्हारच्या गाडीचा होता. साडूंच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "गणित बरोबर होतं, साडूभाऊ," ते म्हणाले, "ड्रायव्हर चुकीचा होता."

मासळी बाजारात तर त्यांना पाठवायची सोयच नाही. कोळणीला "ताजं आहे का" असं विचारण्यात अर्थ नाही हे मलाही मान्य आहे, कारण ती "नाही" कशाला म्हणेल? पण म्हणून आम्ही पापलेटाचे कल्ले बघतो आणि पिशवी पुढे करतो. साडू वाऱ्यापासून सुरुवात करतात. काल वारा कुठला होता, भरती कधी लागली, होड्या कुठवर गेल्या असतील, परत कधी आल्या असतील. मासा समोर डोळे वटारून पडलेला असताना हे आकाशाकडे बघत उभे. शेवटी एका कोळणीने सुपातला बर्फ सारखा करत त्यांना सांगितलं, "मास्तर, तुमचा इचार होईस्तवर माझा बरफ पाणी झाला." त्या दिवशी मासा शिळा असला पाहिजे असं त्यांच्या गणितातून निघालं आणि ते सुरण घेऊन घरी गेले. तोच मासा मी घेतला. इतका ताजा मासा मी त्या वर्षात खाल्ला नाही.

आता हे सगळं ज्या संशोधनापायी त्यांच्या अंगात मुरलं, ते सांगितलं पाहिजे. साडू पीएच.डी. करत होते. विषय होता अतिवाहक, म्हणजे असा पदार्थ ज्यातून वीज जाताना तार गरम होत नाही आणि कणभरही वाया जात नाही. मी वीज कंपनीच्या कार्यालयात कारकून. तारांतून किती वीज वाटेतच नाहीशी होते याचा आकडा दर महिन्याला माझ्या टेबलावरून जातो, त्याला आमच्यात गळती म्हणतात आणि त्यावरून साहेब आमच्यावर ओरडतात. त्यामुळे हा विषय ऐकून मला वाटलं, घरातच उपाय निघतोय. पण असे पदार्थ हाडं गोठवणाऱ्या थंडीतच काम करतात. त्यातल्या त्यात कमी थंडीत चालणारे जे, त्यांना हे लोक 'उच्च तापमानाचे' म्हणतात. किती उच्च, असं मी विचारलं तर साडू अभिमानाने म्हणाले, शून्याखाली शंभरपेक्षा जास्त. चिखल्यात कधी स्वेटर न घातलेल्या माणसाने हे इतक्या सहज सांगावं याचं मला कौतुक वाटलं.

बरं, हे पदार्थ ते बनवत नव्हते. बनवण्यापूर्वी ते कसे वागतील हे संगणकावर काढत होते, आणि तेही मुळापासून. म्हणजे संगणकाला फक्त सांगायचं की अमुक अमुक अणू आहेत. बाकी सगळं, ते एकमेकांपासून किती लांब बसतील, कसे थरथरतील, त्यांच्यामधून इलेक्ट्रॉन जोडीने कसे सुटतील, हे निव्वळ गणितातून यायला हवं. कुणाच्या प्रयोगातली एकही संख्या आणून घालायची नाही. "एकदा उसनं घेतलं की खोटं बोलायची सोय होते," असं ते म्हणत. डहाणूतलं एक सायबर कॅफे बंद पडलं तेव्हा तिथले जुने संगणक त्यांनी रिक्षात घालून घरी नेले, एकमेकांना वायरींनी जोडले आणि वाडीतल्या एका खोलीत लावले. त्या खोलीत पूर्वी चिकू पिकत घालत, त्यामुळे तिला खिडकी नव्हती. संगणक असे घोंघावत की आत गेलं की गिरणीत शिरल्यासारखं वाटे. वाडीचे मालक गुजराती शेठ. ते अधूनमधून दारात उभे राहून म्हणत, "मास्तर, पहेलां ह्या रूममध्ये चिकू पिकायचा. चार दिवसांत पिकायचा. तुमचा माल कधी पिकणार?" साडू शांतपणे सांगत की माल अजून हिरवा आहे. आणि वीज गेली, की ती मीच नेली अशा खात्रीने मला फोन येई. "साडूभाऊ, तुमची लाईट गेली." नमस्कार नाही, चमत्कार नाही. तीन आठवड्यांचं गणित वाटेत बसलेलं असे.

त्यांची आणखी एक सवय आमच्या घरात फार महाग पडली. कुठलीही उभी वस्तू दिसली की साडू तिला एका बोटाने हलवून बघतात. खुर्चीवर बसायच्या आधी खुर्ची, मांडवात शिरायच्या आधी मांडवाचा खांब, कुंपण, शिडी, नवीन लावलेलं पेरूचं रोप. माझ्या बायकोने हौसेने काचेच्या सामानासाठी एक उंच शोकेस करून घेतलं होतं. दिवाळीला साडू आले, त्याच्यासमोर उभे राहिले आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी त्याच्या कडेला बोट लावलं. सुताराने एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून ठेवली होती हे तेव्हा कळलं. कपबशा, सरबताचे पेले, लग्नात आलेला काचेचा मोर, सगळं एकदम खाली. आवाज थांबल्यावर साडू म्हणाले, "ताई, उभं असणं निराळं आणि टिकणं निराळं. आज कळलं ते बरं झालं." ताई, म्हणजे माझी बायको, पुढच्या संक्रांतीलाही त्यांच्याशी बोलली नाही. तिळगूळही त्यांना माझ्या हातून गेला. पण ही सवयसुद्धा त्यांच्या कामातलीच. संगणक स्फटिकाचा आकार सांगतो, अणू आपापल्या जागी छान बसलेले दिसतात, पण ते नुसते उभे आहेत की खरंच टिकणार आहेत हे कळायला त्यांना जरा हलवून बघावं लागतं. परत जागेवर आले तर पदार्थ खरा. सैरावैरा पळाले तर सगळं मुसळ केरात.

२०१५च्या पावसाळ्यात त्यांच्या आयुष्यात दिवाळी आली. परदेशातल्या प्रयोगशाळेत कुणीतरी सडक्या अंड्याचा वास येणारा वायू भयंकर दाबाखाली चेपला आणि तो उणे सत्तर अंशांवर अतिवाहक झाला. उणे सत्तर म्हणजे त्या लोकांच्या हिशेबाने कडक उन्हाळा. आणि साडूंना खरा आनंद याचा, की प्रयोगाच्या आधी गणितवाल्यांनी हे सांगून ठेवलं होतं. म्हणजे मुळापासून काढलेलं जगात खरोखर उतरतं. त्या संध्याकाळी ते भिजत आमच्याकडे आले. हातात पेढे नव्हते, अंडी होती, दोन डझन. वायूचा मान म्हणून अंडी, असं त्यांनी समजावलं. आमच्याकडे श्रावण चालू होता. बायकोने ती शेजाऱ्यांना वाटली आणि शेजारी आजतागायत विचारतात की त्या दिवशी तुमच्याकडे काय होतं.

तेव्हापासून साडू हायड्रोजनच्या मागे लागले. तसाच भयंकर दाब देऊन एखाद्या जड धातूच्या अणूभोवती हायड्रोजनचा पिंजरा बसवायचा आणि तो कमीत कमी थंडीत अतिवाहक होतो का ते बघायचं. पिंजऱ्यामागून पिंजरे मोडले. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, घरी शिवणकाम करून संसार ओढत होती आणि कधी तक्रार करत नव्हती. फक्त एवढंच म्हणायची की यांना एकदा कायमची नोकरी लागली की मी मशीनवर कापड झाकून आठवडाभर नुसती समुद्राकडे बघत बसणार आहे. पीएच.डी. झाल्याशिवाय कायमच्या जागेसाठी अर्ज करता येत नव्हता. आणि २०१८ संपता संपता दोन्ही गोष्टी एकदम जुळून आल्या. कॉलेजात पदार्थविज्ञानाची एक कायमची जागा भरायचं ठरलं, मुलाखती पावसाळ्याच्या तोंडावर होणार होत्या. आणि साडूंचा एक पिंजरा उभा राहिला. आपल्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात असते तेवढ्याच थंडीत अतिवाहक होणारा. त्यांनी तो हलवून पाहिला, अणू परत जागेवर आले. मुंबईच्या विद्यापीठातले त्यांचे मार्गदर्शक इतके खूश झाले की त्यांनी स्वतःहून फोन केला. सोमवारी प्रबंध द्या, म्हणाले, म्हणजे मुलाखतीच्या आत पदवी हातात पडेल.

आमचे सासरे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर हिरवा झेंडा दाखवल्यामुळे त्यांना कुठल्याही गोष्टीला उशीर सहन होत नाही. प्रबंध सोमवारी जाणार तर सत्कार रविवारी, असं त्यांनी ठरवून टाकलं. डहाणूतल्या त्यांच्या घरापुढच्या अंगणात मांडव पडला, टेबलावर भाड्याच्या स्टीलच्या पेल्यांच्या उतरंडी लागल्या, मसाला दुधाचं पातेलं आलं, शाल-श्रीफळ आलं. तो भूकंपाचा हिवाळा होता. तलासरीकडच्या पाड्यांवर लोक रात्री ताडपत्रीखाली झोपत होते, भिंतींना भेगा गेल्या होत्या, आणि तिथे हसण्यासारखं काही नव्हतं. डहाणूत मात्र आम्ही सरावलो होतो. पहिल्या दिवशी जमीन हलली तेव्हा आम्ही अनवाणी पळालो होतो. पुढे पुढे हातातलं ताट घेऊन, भाजी सांडू न देता अंगणात यायची पद्धत पडली.

सासऱ्यांनी साडूंच्या खांद्यावर शाल घातली आणि नारळ हातात देणार तेवढ्यात जमीन हलली. आम्ही आधीच अंगणात होतो, त्यामुळे कुणी फारसं उठलंही नाही. दुधाच्या पातेल्यात लाटा आल्या. टेबलावरच्या पेल्यांच्या उतरंडी सगळ्या मिळून एकदम डावीकडे झुकल्या आणि एकदम सावरल्या, शाळेतल्या कवायतीसारख्या. फक्त मधल्या दोन उतरंडी, कुणीतरी वाकड्या रचलेल्या, एकमेकींकडे कलल्या, आपटल्या आणि खणखणत मांडवभर पसरल्या. मुलं हसली, बायका पेले गोळा करायला धावल्या. साडू मात्र जागच्या जागी खिळले. नारळ घ्यायला पुढे केलेला हात तसाच राहिला. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मी सगळ्यांना एकाच बाजूला हलवलं, साडूभाऊ. शेजाऱ्याला उलटं हलवून बघितलंच नाही."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला त्याच मांडवात त्यांनी सहा पेले मांडून दाखवलं. अख्खा स्फटिक संगणकात मावत नाही, म्हणून त्याचा एक लहानसा डबा घेतात आणि असेच डबे चहूकडे आहेत असं धरतात. साडूंचे संगणक जुने, वीज माझ्यासारख्याच्या हातात, म्हणून त्यांनी डबा फार लहान घेतला होता. लहान डब्यात एक अणू हलवला की त्याचे सगळे शेजारी त्याच्याबरोबर त्याच दिशेने हलतात. वळणावर एसटीतले सगळे प्रवासी एकदम एका अंगाला झुकतात, कुणाचं डोकं कुणावर आपटत नाही, तसं. पण एक इकडे आणि शेजारचा तिकडे झुकला तर काय होईल, हे त्या हिशेबात येतच नाही. ते बघायला मोठा डबा हवा, आणि मोठ्या डब्याचं गणित त्या संगणकांवर महिनेच्या महिने घेणार. म्हणजे पदवीला उशीर, आणि उशीर म्हणजे ती कायमची जागा गेली. हे अंगणातल्या प्रत्येकाला कळलं. मेहुणीच्या हातात गोळा केलेले पेले होते. तिने ते एकात एक घालून टेबलावर ठेवले आणि विचारलं, "पिंजरा पडेल असं वाटतं का तुम्हाला?" साडू म्हणाले की गणित केल्याशिवाय सांगता येणार नाही. "मग करा," ती म्हणाली आणि दूध ओतायला गेली. तिचे डोळे भरले होते ते मी पाहिलं.

साडू शाल काढून परत करायला लागले. प्रबंधच जात नाही तर सत्कार कसला, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तिथूनच मार्गदर्शकांना फोन लावला, तर ते म्हणाले की असाच द्या, एवढ्या दाबाखाली हा पदार्थ बनवून बघणारं इथे कोण बसलंय? ते काही वाईट सांगत नव्हते, त्यांनाही या माणसाची नोकरी व्हावी असंच वाटत होतं. फोन ठेवून साडू पुन्हा शालीची घडी घालू लागले, तेव्हा सासऱ्यांनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि परत त्यांच्या अंगावर टाकली. "जावईबापू," ते म्हणाले, "गार्डाला पूल हलताना दिसला तर तो लाल झेंडा दाखवतो. त्याला उशिराचा मेमो मिळतो, मिळू दे. शाल थंडीची आहे, अंगावर असू द्या."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर घरातला इन्व्हर्टर जागेवर नव्हता. बायकोने तो रिक्षात घालून चिखल्याला पाठवला होता, बॅटरीसकट. ज्या बाईने काचेच्या मोरापायी या माणसाशी बोलणं टाकलं होतं, तिने. पुढचे पाच महिने वीज गेली की आम्ही वीज कंपनीतलं कुटुंब मेणबत्ती लावून, पुठ्ठ्याने वारा घेत बसायचो आणि शेजारी कौतुकाने बघायचे. मी काही म्हणालो तर बायको म्हणायची, तिकडे चालू आहे ना, मग झालं. साडू तिकडे कॉलेज करून आल्यावर त्या घोंघावणाऱ्या खोलीत बसायचे. मेहुणी शेजारच्या खोलीत शिवत बसायची. शेठनी चिकूंवर झाकायची ओली पोती आणून संगणकांच्या मागच्या भिंतीला लावली, गारवा राहावा म्हणून, आणि पिकण्याबद्दल विचारायचं सोडून दिलं.

मे महिन्याच्या अखेरीस पिंजरा पडला. शेजारच्या अणूंना उलटसुलट हलवल्याबरोबर पिंजऱ्यातले हायड्रोजनचे अणू फुटून निघाले आणि सगळं दुसऱ्याच एका ओबडधोबड आकारात जाऊन बसलं, आणि तो आकार अतिवाहक होता खरा, पण नेहमीच्याच मरणाच्या थंडीत. मी सांत्वनाला म्हणून गेलो तर साडू ओट्यावर बसून आंबा खात होते आणि कोपरापर्यंत रस ओघळला होता. मला म्हणाले, बसा, फार सुंदर पडला. तो का पडतो आणि लहान डबा घेणाऱ्या सगळ्यांना तो उभा का दिसेल, हे आता त्यांना सिद्ध करता येत होतं. तोच नवा प्रबंध. मुलाखती जूनमध्ये झाल्या. जागा दुसऱ्या एका तरुणाला मिळाली, चांगला मुलगा आहे, साडूच त्याला एसटीत खिडकीची जागा धरून ठेवतात. मेहुणीच्या मशीनवर कापड काही पडलं नाही. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं आणि आजही वाटतं.

वर्षाच्या शेवटी मुंबईला त्यांची तोंडी परीक्षा झाली. ती सगळ्यांसमोर होते, कुणीही येऊन बसावं, कुणीही विचारावं, असा नियम आहे. आम्ही जीप करून सगळे गेलो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन तास प्रश्न विचारले आणि साडू लहान मुलासारखे खुशीत उत्तरं देत होते. एक परीक्षक म्हणाले की या कामामुळे पुढच्या कित्येकांचं एक एक वर्ष वाचेल. मग रीत म्हणून त्यांनी विचारलं, उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचंय? सहसा कुणी विचारत नाही. सासऱ्यांनी हात वर केला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं, काठीवर भार देऊन ते उभे राहिले.

"मला यातलं कळत नाही," ते म्हणाले. "पण तार तापणार नाही, वीज वाया जाणार नाही, आणि आपल्या साध्या हवेत चालेल, असं काही कधी सापडेल का?"

मार्गदर्शकांनी घड्याळ पाहिलं. उद्या मंगळवार आहे हेसुद्धा पुराव्याशिवाय न सांगणारे आमचे साडू फळ्याकडे वळले, खडू उचलला आणि फळ्याला टेकवला. मग त्यांनी खडू खाली ठेवला.

"सापडेल, बाबा."

"कशावरून?"

"कशावरून नाही. मला वाटतं तसं."

परीक्षक हसले, एकाने तर टाळी वाजवली. सासरे समाधानाने मान हलवून खाली बसले. मेहुणी पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही.

बाबा आता नाहीत. साडू अजून तासिका तत्त्वावरच आहेत, फक्त नावाआधी डॉक्टर लागलं आहे. माझ्या टेबलावर अजूनही दर महिन्याला गळतीचा आकडा येतो, साहेब अजूनही ओरडतात. ते ओरडून गेले की मी कागदावर सही करतो आणि शेजारच्या टेबलावर ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणतो, सापडेल, बाबा.